मोकळी झालेली वर्षे कोणाची?

सुरतेच्या लिंबायत, डिंडोली किंवा उधन्यात संसार थाटलेल्या खानदेशी बाईचे आयुष्य तिच्या आजीच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहिले, तर पैशांपेक्षाही मोठा फरक वर्षांत दिसतो. आजीचे लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालेले असे. पहिले मूल सतरा-अठराव्या वर्षी, शेवटचे चाळिशीच्या आसपास; मधली एकदोन दगावलेली, आणि धाकटे शाळेत जाऊ लागेपर्यंत थोरल्या मुलीचे बाळंतपण दारात आलेले. नातीचे लग्न विशीच्या आगेमागे होते, पंचविशीच्या सुमारास दोन मुले होतात, ऑपरेशन होते, आणि तिशी उलटता उलटता घरातले धाकटे मूलही दप्तर पाठीला लावून बाहेर पडते. त्यापुढे तीस-चाळीस वर्षे तिला धडधाकट जगायचे असते. गर्भारपण, अंगावरचे दूध आणि गेलेल्या लेकरांचे दुःख यांत जी पंधरा-वीस वर्षे सरत, ती तीन पिढ्यांच्या आत मोकळी झाली. बाईच्या वाट्याला इतका मोठा बदल इतक्या थोड्या काळात यापूर्वी क्वचितच आला असेल. ही मोकळी झालेली वर्षे पुढे कोणी घेतली, हा या लेखसंग्रहाचा विषय आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकणे बरे. बाळंतपणे कमी झाली आणि हातात चार पैसे आले म्हणजे स्त्री-पुरुषांच्या भूमिका आपोआप बदलतात, असे होत नाही. सुटलेल्या वेळेवर कोणाचा ताबा बसतो यावर ते ठरते. आणि सुरतेत हा ताबा बव्हंशी बाजाराने आणि कुटुंबाने आपापसांत वाटून घेतला आहे.

सुरतच का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडेल. शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांच्या १६६४ आणि १६७० या दोन सालांपलीकडे मराठी मनात या शहराला फारशी जागा नाही. पण गेल्या चार-पाच दशकांत धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या लाखो माणसांसाठी सुरत हेच जवळचे मोठे शहर ठरले. मुंबई-पुणे लांब, सुरत मात्र तापीच्या काठाकाठाने जाणाऱ्या सुरत-भुसावळ रेल्वेने रात्रीत गाठता येते. खानदेशातल्या जुन्या कापडगिरण्या मोडकळीला आल्या, कोरडवाहू शेती परवडेना, आणि त्याच काळात सुरतेत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे यंत्रमाग, छपाई-रंगाईच्या गिरण्या आणि हिऱ्याचे कारखाने फोफावले. आज तिथे महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, वस्त्यांमधून अहिराणी कानावर पडते, लिंबायतच्या आमदार संगीता पाटील आणि शेजारच्या नवसारीचे खासदार सी. आर. पाटील ही नावे या स्थलांतराचीच राजकीय खूण आहेत. शहराची दुसरी बाजू जनगणनेत दिसते. २०११ मध्ये सुरत शहरात ४४ लाखांवर लोक होते आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम साडेसातशे. हे प्रमाण मुख्यतः एकट्याने येणाऱ्या पुरुषांमुळे आहे. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून आलेला माग कामगार बहुधा बायकोला गावी ठेवून येतो आणि खोलीत पाळीपाळीने झोपतो. खानदेशी कामगार जवळचा असल्याने बिऱ्हाड घेऊन येतो. म्हणून या पुरुषांच्या शहरात कष्टकरी कुटुंबातली बाई, तिचे काम आणि तिचे बाळंतपण पाहायचे असेल, तर मराठी वस्त्यांत जाण्यावाचून गत्यंतर नाही.

स्त्री-पुरुषांच्या भूमिकांविषयीचा वाद या शहराला नवा नाही. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि दुर्गाराम मेहताजी यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली ती सुरतेतच, आणि विधवाविवाहासाठी भांडलेला कवी नर्मद हाही सुरतेचाच. पण त्या सुधारकांचा प्रश्न लग्नाचा होता. श्रम आणि जनन हे दोन धागे हातात धरून स्त्रीच्या स्थानाचा विचार करण्याचे काम मराठी मुलखात पुढे झाले, आणि आपण त्याचे पुरेसे श्रेय घेतलेले नाही असे मला वाटते. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून दोषांची मोजपट्टी दोघांना वेगळी का, असा रोकडा सवाल केला. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र त्याच वर्षी सुरू झाले, म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. तरी १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. मूल हवे की नको हे बाईने ठरवायचे आणि तिच्या सुखालाही स्वतंत्र किंमत आहे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, हा योगायोग नव्हता. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना या खर्चाचा भार एकट्या आईवर न टाकता सरकारने आणि मालकानेही उचलला पाहिजे असे मांडले, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. कर्वे शरीरावरच्या हक्काकडून आले, आंबेडकर श्रम आणि दारिद्र्याकडून. दोघांची वाट एका ठिकाणी मिळाली होती. पुढे मात्र ती पुन्हा फाटली. कुटुंबनियोजन आरोग्य खात्याकडे गेले, स्त्रियांचा रोजगार कामगार खात्याकडे, आणि एकाच बाईची दोन प्रकरणे दोन कचेऱ्यांत पडली.

जगभरच्या विचारातही हे दोन धागे कधी एकत्र, कधी वेगळे चालले आहेत. नव्या वाचकासाठी त्यांचा नकाशा थोडक्यात असा. एंगेल्सने १८८४ मध्ये सांगितले की खाजगी मालमत्तेबरोबर स्त्रीचे दास्य आले, आणि ती सार्वजनिक उत्पादनात उतरली की ते संपेल. धुळ्याच्या शरद पाटलांनी या मांडणीला भारतीय वळण दिले. जात आणि स्त्रीदास्य ही एकाच इतिहासाची दोन अंगे आहेत आणि निव्वळ वर्गाच्या चौकटीत ती मावत नाहीत, हे त्यांनी प्राचीन स्त्रीसत्तेचा माग काढत मांडले. खानदेशाने या विषयाला दिलेले हे मोठे देणे आहे. १९७० हे वर्ष महत्त्वाचे. एस्थर बोसेरप यांनी दाखवले की विकासाबरोबर स्त्रिया कामात येतीलच असे नाही, नांगर आणि यंत्र आले की त्या बाहेरही फेकल्या जातात. आणि त्याच वर्षी शुलामिथ फायरस्टोन यांनी दुसऱ्या टोकाला जाऊन गर्भधारणाच देहाबाहेर नेल्याशिवाय समता येणार नाही असे लिहिले. अर्थशास्त्रात गॅरी बेकर यांनी कुटुंबाकडे एका छोट्या व्यवसायासारखे पाहिले: ज्याला जे किफायतशीर ते त्याने करावे. क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून कुटुंबाच्या या चित्रात काळ आणला. गर्भनिरोधक गोळीने शिकलेल्या मुलींना लग्न पुढे ढकलता आले, लांबची नोकरी आखता आली, हे त्यांनी आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २००२ मध्ये मांडले. २०२३ चे नोबेल गोल्डिन यांना मिळाले ते याच क्षेत्रातील कामासाठी. अमर्त्य सेन आणि बीना अगरवाल यांनी घर हे सहकार्याचे आणि घासाघिशीचेही ठिकाण आहे, आणि घासाघीस करताना कोणाच्या हाती काय आहे, विशेषतः जमीन आणि घर, यावर निकाल लागतो असे दाखवले. डेनिझ कँडियोटी यांनी १९८८ मध्ये एक कटू गोष्ट नोंदवली: सून म्हणून सोसलेले सासू झाल्यावर वसूल होते या भरवशावर स्त्रियाच व्यवस्था टिकवतात.

या सगळ्यांत सुरतेला सर्वांत जवळचे पुस्तक मला मारिया मीस यांचे वाटते. आंध्रमधील नरसापूर येथे घरी बसून लेस विणणाऱ्या स्त्रियांवर ते १९८२ मध्ये आले. तिथल्या बायका जगाच्या बाजारासाठी माल तयार करत होत्या, पण त्यांना कोणी कामगार म्हणत नव्हते. त्या गृहिणी होत्या, आणि फावल्या वेळात विणत होत्या. या एका समजुतीने मजुरी कवडीमोल राहिली. सुरतेत चित्र फार वेगळे नाही. यंत्रमागावरून उतरलेले, गिरणीत छापले गेलेले कापड रिंग रोडच्या बाजारातून साडी होऊन देशभर जाते. त्याआधी लोंबणारे धागे कापायचे असतात, काठाला लेस लावायची असते, टिकल्या आणि खडे चिकटवायचे असतात, घडी घालायची असते. हे काम गठ्ठ्यागठ्ठ्यांनी वस्त्यांतल्या खोल्यांत येते आणि नगावर मोजले जाते. माल आणणारा मधला माणूस किंवा मधली बाई असते. वर व्यापारी कोण, हे करणारीला बहुधा ठाऊक नसते. जागा तिची, वीज तिची, दिवा तिचा, डोळे तिचे. डाग पडला तर भरपाई तिची. मुलांचा हात लागतो, तोही तिच्याच हिशेबात. मंदीत काम येत नाही आणि लग्नसराईच्या आधी रात्र रात्र संपत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत स्त्री घराबाहेर पडून बाजारात जाते. इथे बाजारच घरात शिरला. त्यामुळे जे बदलायचे ते बदलले नाही. स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास यांच्या मधल्या फटींत काम बसवले गेले, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला हात हलवावा लागला नाही.

याला पूर्वइतिहास आहे, आणि तो मुंबईच्या गिरणगावात आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या; रिळिंग आणि वायंडिंग ही खाती त्यांची होती. नवी यंत्रे आली, रात्रपाळीवर बंदी आली, प्रसूतीचा खर्च नको म्हणून मालकांनी स्त्रिया घेणे कमी केले, आणि पुरुषाला कुटुंब पोसण्याइतका पगार द्या या मागणीत युनियननेही बाईची नोकरी फारशी वाचवली नाही. राधा कुमार यांनी ही कथा सविस्तर लिहिली आहे. १९८२ च्या संपापर्यंत गिरणी म्हणजे पुरुषांची जागा हे ठरून गेले होते. बायका गेल्या कुठे? पुष्कळ जणी खाणावळी चालवू लागल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले तेव्हा हे दिसू लागले की गिरण्या चालतात त्या या पोळ्यांवरही. पुढे यंत्रमाग भिवंडी, मालेगाव, सुरत असे पसरले तेव्हा बारा तासांची पाळी आणि पुरुषाची जागा या दोन्ही गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या. आईला बारा तासांची पाळी करता येत नाही. हा निसर्गाचा नियम नाही. पाळी बारा तासांची कोणी ठरवली, असा प्रश्न विचारला की ते स्पष्ट होते. २०२५ मध्ये गुजरात सरकारने वटहुकूम काढून कारखान्यांत दिवसाला बारा तासांपर्यंत पाळीची आणि काही अटींवर स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली. रात्रपाळीची दारे उघडणे योग्यच. पण पाळणाघराशिवाय बारा तासांचे दार उघडले, तर त्यातून कोण आत जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आता जननाची बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, भारतात बाईमागे सरासरी ३.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती २.० झाली, गुजरातेत १.९, महाराष्ट्रात १.७. हा बदल कोणाच्या देहावर घडला? त्याच पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या जोडप्यांचे प्रमाण होते ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, स्वस्त. एके काळी ती मोठ्या प्रमाणात होतही होती. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली, त्यातली पुष्कळशी जबरीने; निवडणुकीत सरकार पडले, आणि त्यानंतर कोणत्याही पक्षाने पुरुषाच्या देहाला हात लावला नाही. लक्ष्य बायकांकडे वळले. बायकांनी ते स्वीकारले, कारण गोळी किंवा तांबी यांसाठी सारखी विचारपूस, सारखे दवाखान्यात जाणे आणि नवऱ्याची समजूत घालणे लागते, आणि ऑपरेशन एकदाच असते. म्हणजे मुलांची संख्या आटोक्यात आली, पण मूल न होण्याची जबाबदारी मूल होण्याच्या जबाबदारीसारखीच बाईकडे राहिली. त्यातच मुलगा झाल्यावरच ऑपरेशन ही अट घरोघर चालू राहिली. २०११ मध्ये सुरत आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली साडेआठशेहून कमी होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला होता, हे लक्षात घेतले की हा आकडा अधिकच बोचतो. तंत्र आले, कुटुंब लहान झाले, आणि लहान कुटुंबात मुलासाठी जागा राखून ठेवताना मुलीची जागा गेली.

श्रम आणि जनन एकमेकांत किती खोल गुंतलेले आहेत, हे उसाच्या फडात उघडे पडते. खानदेशातून सुरत जिल्ह्यात येणारा दुसरा मोठा प्रवाह यंत्रमागांकडे जात नाही, बारडोली आणि आसपासच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीकडे जातो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतल्या मजुरांवर लिहीत आले, आणि बारडोलीच्या तोडणी कामगारांवरचे त्यांचे लेखन आजही वाचायला हवे. इथे कामाचे एकक माणूस नसून 'कोयता' असते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मुकादमाकडून मिळते ती बहुधा नवऱ्याच्या हाती. ऊस तोडतो नवरा, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते बायको. पहाटे उठून भाकरी करते तीही बायकोच. बाळंतपण हंगामात आले तर कोयता मोडतो. मासिक पाळीच्या चार दिवसांत खाडा झाला तरी मोडतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींनी 'पिशवी', म्हणजे गर्भाशय, काढल्याचे निघाले. त्यामागे खाजगी दवाखान्यांची हाव, आजाराची भीती आणि खाड्याचा धाक अशी सगळी कारणे आहेत. पण मला त्यात याही पलीकडचे काही दिसते: जननक्षमता ही कामातली अडचण ठरली की अर्थव्यवस्था तिच्यासाठी सवड काढण्याऐवजी तिलाच कापून टाकते. दुसऱ्या टोकाला, सुरतेच्या उत्तरेला दोनेकशे किलोमीटरवर आणंद हे गाव गेल्या दोन दशकांत सरोगसीसाठी जगभर माहीत झाले. तिथे जननक्षमता हेच कामाचे साधन होते. २०२१ च्या कायद्याने पैसे घेऊन मूल वाढवून देण्यावर बंदी आली. विनामोबदला करण्याला मुभा राहिली. गर्भाचा बाजार मलाही नको आहे. तरीही बाईचे जननश्रम फुकट असले तरच पवित्र, हे या कायद्यातले गृहीत तपासायला हवे.

या मांडणीवर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की घरी बसून का होईना, बाई कमावते आहे. हळूहळू तिचा शब्द वजनदार होईल. यात तथ्य आहे. स्वतःच्या कमाईतून मुलीची फी भरणारी आई आणि नवऱ्याकडे हात पसरणारी आई यांत फरक आहेच. पण कमाई आणि मालकी यांत अंतर आहे. बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पाहणीत, ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर अशा विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण शेकडा सातच्या आसपास होते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितले, ते या अर्थाने काळाच्या पुढे होते. नगावरच्या मजुरीतून खोली विकत घेता येत नाही. पंतप्रधान आवास योजनेत घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावावर असावे अशी अट आली, तिचे मोल म्हणूनच मला कित्येक रोजगार योजनांपेक्षा जास्त वाटते. दुसरा आक्षेप: बायकांनाच हे काम हवे असते, मुले डोळ्यांसमोर राहतात, बोलणी ऐकावी लागत नाहीत. त्यांची ही निवड खोटी आहे असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. पण निवड करताना समोर काय ठेवले होते, हेही पाहायला हवे. वस्तीत पाळणाघर नाही, कारखान्यात पाळी बारा तासांची, रात्री परतताना रस्ता सुरक्षित नाही, आणि गाव सोडल्यामुळे मूल सांभाळायला सासूही नाही. स्थलांतराने सासूचा जाच सुटला तसा तिचा आधारही सुटला. त्याची किंमत पुष्कळदा थोरल्या मुलीने शाळा सोडून चुकवली. तिसरा आक्षेप बाजाराच्या नियमावर बोट ठेवतो: मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल. खानदेशात आज शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही आणि सुरतेत नोकरी असली तर बरे, हे खरे आहे. पण ही किंमत बायको म्हणून वाढते. गुटेनटॅग आणि सेकॉर्ड यांनी १९८३ मध्येच मांडले होते की स्त्रिया दुर्मीळ असलेल्या समाजात त्यांना घरात जपले जाते आणि बाहेर जाण्यापासून रोखलेही जाते. राहिला निसर्गाचा आक्षेप, की कारखान्यातल्या कामाला बाईचे शरीर पुरे पडत नाही. मोळी वाहणारी बाई अशक्त म्हणून मागावर उभी राहू शकत नाही, असे कोणाला म्हणता येईल?

या विषयाला आत्ताच निकड का आली, हेही सांगायला हवे. कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सरकारी श्रमशक्ती पाहणीत २०१७-१८ च्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले. हा आकडा आनंदाने सांगितला जातो; पण वाढीचा मोठा भाग शेतीतला आणि घरच्या कामधंद्यातला, त्यातही बिनपगारी मदतनीस म्हणून नोंदला गेलेला आहे. दुसरीकडे हिऱ्याच्या धंद्यातल्या मंदीने आणि संगणकावर चालणाऱ्या भरतकाम यंत्रांनी सुरतेतला कामाचा नकाशा हलवला आहे. जिथे नवऱ्याचा कारखाना बंद पडला तिथे बायकोचे 'फावल्या वेळातले' काम हाच घराचा आधार होतो. आणि तिसरीकडे लोकसंख्येविषयीची भाषाच उलटते आहे. काल दोनच मुले हवीत म्हणून महाराष्ट्र-गुजरातेत तिसरे मूल झालेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवायला मनाई केली गेली, आणि त्यात पद गेले अशा बायका पुष्कळ होत्या, ज्यांना मुलांची संख्या ठरवण्याचा अधिकार मुळात नव्हता. आज, २०२४ पासून, काही बडे नेते अधिक मुले जन्माला घाला असे सांगू लागले आहेत. दोन्ही वेळा बाईचे म्हणणे विचारलेले नाही. मोकळी झालेली वर्षे परत मागितली जाण्याचा धोका मला खरा वाटतो, आणि म्हणून ती कोणाची आहेत याचा निवाडा आत्ताच व्हायला हवा.

पुरुषांबद्दल या विषयात फार कमी लिहिले जाते. ही उणीव या संग्रहाने ओळखली आहे. भूमिका बदलली असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बाईच्या भूमिकेत भर पडलेली असते. पुरुषाची तशीच असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवत होत्या, आणि जे थोडे पुरुष घरकाम करतात ते ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांचा वेळ दहा मिनिटांनी घटला, पुरुषांचा नऊ मिनिटांनी. सुरतेतला एकटा राहणारा पुरुष स्वतः भाकरी भाजतो, कपडे धुतो, म्हणजे त्याला येत नाही असे नाही. बायको आली की तो ते सोडून देतो. बारा तास मागापुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडून घरी येऊन भांडी घासण्याची अपेक्षा करणे क्रूर आहे, हा युक्तिवाद मला समजतो. म्हणूनच कामाच्या तासांचा प्रश्न हा स्त्रियांचा प्रश्न आहे. पुरुषाची पाळी आठ तासांची झाल्याखेरीज बाईचा दिवस लहान होणार नाही.

या पुस्तकाने लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा आणि बारडोलीचे फड यांना एका नजरेत आणण्याचा प्रयत्न केला आहे: नगाचा दर आणि ऑपरेशनचे वय, उचल आणि पिशवी, शाळा सोडलेली मुलगी आणि बंद पडलेली हिरे घासण्याची घंटी. कामगार चळवळीच्या अभ्यासकांना यात दवाखाना जास्त आणि आरोग्याच्या अभ्यासकांना कारखाना जास्त वाटेल. ही तक्रार संपादनात मुद्दाम ओढवून घेतली आहे. सुरतेतल्या इतर समाजांकडे, विशेषतः सौराष्ट्रातून आलेल्या हिरे कामगारांच्या घरांकडे आणि गंजाममध्ये मागे राहिलेल्या बायकांकडे, हे पुस्तक ओझरतेच पाहते. तिथे स्वतंत्र पुस्तके व्हायला हवीत. स्त्रियांनी स्त्रियांशी जोडलेली लग्नाबाहेरची नाती, तृतीयपंथीयांचे काम, अविवाहित राहणाऱ्या मुली यांचा भागही अपुरा आहे. धोरणाच्या बाजूने एक मागणी मात्र सगळ्या लेखांतून पुन्हा पुन्हा वर येते. घरी बसून काम करणाऱ्या कामगाराला २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत व्याख्येपुरती जागा मिळाली आहे. घरी बसून केल्या जाणाऱ्या कामावरचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार भारताने अजून स्वीकारलेला नाही. सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजा २०१७ पासून कायद्यात आहे, आणि खडे चिकटवणाऱ्या बाईला त्यातला एक दिवसही मिळत नाही, कारण तिचा मालक कोण हे कागदावर कुठेच नाही. रिंग रोडवरच्या व्यापाऱ्याच्या वहीपासून डिंडोलीतल्या खोलीपर्यंत मालाची साखळी लेखी झाली, प्रत्येक गठ्ठ्यामागे करणारीचे नाव लागले, आणि वस्तीतल्या पाळणाघराचा खर्च त्या साखळीतून वसूल झाला, तर किती बदलेल याचा अंदाज शेवटच्या भागात मांडला आहे. त्यावर वाद व्हावा, आणि त्या वादात साडीला लेस लावणाऱ्या बायकांनी स्वतः बसावे, ही संपादनामागची इच्छा आहे.